सोळा पानं आणि दोन पिना

यंदाच्या जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि आमची सतरा वर्षांची नात आठवडाभर राहायला आली. लॅपटॉप काखेत होताच. माझ्या हातातला चहा संपायच्या आत तिने तो माझ्यासमोर उघडला आणि म्हणाली, "आबा, मी एक मॅगझीन डिझाइन केलंय. बघ आणि खरं काय ते सांग."

मंडळी, तिने चुकीचा माणूस गाठला होता. मी मिशिगनमधल्या एका विद्यापीठात बत्तीस वर्षं मटेरियल सायन्स शिकवलं. धातू, काच, अर्धवाहक हा माझा प्रांत. संगीत म्हणाल तर भीमसेन, कुमार आणि गाडीत सुधीर फडके. पण मंडळाच्या दिवाळी अंकाची मुद्रितं मी बरीच वर्षं तपासली आहेत, त्यामुळे 'आबाला छपाईतलं कळतं' असा घरात एक गैरसमज आहे.

नात बेस गिटार वाजवते. चौघांचा बँड आहे. त्यातल्या दोघांना तुम्ही ओळखता. आपल्या रविवारच्या मराठी शाळेतली मुलं ती. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या नाटकात मावळे झाली होती. आता एकाचे केस तेव्हाच्या टोपापेक्षा लांब आहेत. ही मुलं जे वाजवतात त्याला 'इंडी रॉक' म्हणतात. 'इंडी' म्हणजे इंडियन नव्हे, ही माझ्या ज्ञानात पडलेली पहिली भर. 'इंडिपेंडंट'चं ते लघुरूप. बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या दारात न जाता स्वतःच्या किंवा एखाद्या छोट्या कंपनीच्या बळावर गाणी करायची आणि लहान जागेत, समोर बसलेल्या शंभर माणसांसाठी वाजवायची. शिवाजी मंदिरातलं व्यावसायिक नाटक आणि छबिलदास शाळेच्या हॉलमधलं प्रायोगिक नाटक यांत जो फरक, साधारण तोच इथे.

तर आमच्या भागातल्या अशा बँडांसाठी आणि ते ऐकणाऱ्या मुलांसाठी नातीने मासिक काढायचं ठरवलं होतं. चाळीस पानं, सगळी रंगीत. एका तयार साच्यात मजकूर आणि फोटो बसवलेले. मोठमोठे फोटो, भरपूर पांढरी जागा, बारीक करड्या अक्षरातला मजकूर. विमानात समोरच्या खिशात असतं ना, थेट तसं.

मी पानं सरकवली आणि म्हणालो, "छान आहे."

"कुठला लेख आवडला?"

मी गप्प. एकही वाचला नव्हता.

"बघ," ती म्हणाली. "बारा जणांना पाठवलं. सगळ्यांनी हार्ट टाकलं. वाचलं कुणीच नाही."

सगळ्यांना आवडलेलं आणि कुणीही न वाचलेलं मासिक. मंडळाच्या अंकासाठी राबलेल्या माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. मी विचार करत बसलो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून ही बाहेर आली, काही न बोलता बेसमेंटमध्ये गेली आणि एक जुनं खाकी पाकीट घेऊन वर आली. ते नातीच्या हातात देत म्हणाली, "हे तुझ्या आईचं. आबांना माहीत नाही मी ठेवलंय ते."

पाकिटातली गोष्ट

आता मला १९९३ सालात जावं लागेल, आणि तिथे मी काही फार चांगला दिसणार नाही.

आमची लेक तेव्हा सोळा वर्षांची होती. शनिवारी मी प्रयोगशाळेत जाई, तेव्हा ती अभ्यासाला म्हणून बरोबर येई आणि आमच्या विभागाच्या वाचनखोलीत बसे. एका सोमवारी विभागाच्या सेक्रेटरीबाईंनी मला बाजूला घेतलं. शनिवारी कुणीतरी कॉपी मशीनवर जवळजवळ पाचशे प्रती काढल्या होत्या, आणि मशीनच्या काचेवर मूळ पान विसरलं होतं. त्यांनी ते पान माझ्या हातात दिलं. अक्षर माझ्या लेकीचं होतं.

घरी येऊन मी तिच्या खोलीतला गठ्ठा काढला. साठेक प्रती असतील. अर्ध्या आकाराची सोळा पानं, मधोमध दोन पिना. मी तो गठ्ठा उचलून बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग सार्वजनिक मालमत्ता, प्रामाणिकपणा, आपण या देशात कशासाठी आलो, वगैरे विषयांवर तासाभराचं व्याख्यान दिलं. कागदाचे आणि टोनरचे पैसे दुसऱ्या दिवशी विभागात भरले. एवढी एकच गोष्ट मी त्यात बरोबर केली. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही त्यातलं काही वाचलंत का?"

नव्हतं वाचलं. तिने पुन्हा काही छापलं नाही. तो विषयही आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. कचऱ्याची गाडी यायच्या आधी हिने डब्यातून एक प्रत काढून ठेवली होती, हे मला बत्तीस वर्षांनी कळलं.

त्या दुपारी नात आणि मी ती प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मुखपृष्ठावर ड्रम वाजवणाऱ्या मुलाचा फोटो. चेहरा आणि झांज तेवढी पांढरी, बाकी काळंकुट्ट. मथळे काही वर्तमानपत्रातून कापून चिकटवलेले, काही हाताने लिहिलेले. मासिकाचं नाव देवनागरीत, तिच्या अक्षरात. (ते इथे देत नाही, तिची परवानगी नाही.) आत एका बँडची मुलाखत, नव्या रेकॉर्डांबद्दलची मतं, हॉलला कसं पोचायचं याचा हाताने काढलेला नकाशा आणि त्याखाली शेवटच्या बसची वेळ. शेवटचं पान कोरं. फक्त चौकट आणि त्याखाली एक ओळ: हे पान तुझं आहे, भरून पाठव.

अकराव्या पानावर तिचा स्वतःचा लेख होता. प्रत्येक कार्यक्रमात आपल्यासारखी दिसणारी माणसं किती ते मी मोजते आणि उत्तर बहुतेक वेळा एक येतं, असं तिने लिहिलं होतं. घरी एक भाषा, शाळेत एक, आणि दोन्हीकडे सतत काहीतरी समजावून सांगत राहायचं. त्या हॉलमध्ये दोन तास कुणाला काही समजावावं लागत नाही. शेवटी लिहिलं होतं, की मी इथे येते हे माझ्या बाबांना माहीत नाही, पण हा अंक मी त्यांना देणार आहे.

नात म्हणाली, "आबा, हे पूर्ण वाचलं आपण. चाळीस पानांचं माझं नाही वाचलं. असं का?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला म्हणून मी आणि ती दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलो. पुढचा महिना मी तिथून हललो नाही म्हणा ना.

सतरा वर्षांच्या मुलांची परंपरा

पहिलीच गोष्ट हाती लागली आणि नात खूश झाली. अमेरिकेतलं रॉक संगीताचा गंभीरपणे विचार करणारं पहिलं मासिक मानतात ते 'क्रॉडॅडी'. ते फेब्रुवारी १९६६मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजच्या पॉल विल्यम्स या विद्यार्थ्याने काढलं. वय वर्षं सतरा. पहिला अंक सायक्लोस्टाइल केलेला. पॉल हा आधी विज्ञानकथांचा वाचक. त्या वाचकांमध्ये आपापली छोटी पत्रकं काढून एकमेकांना पोस्टाने पाठवायची पद्धत होती. 'फॅनझीन' हा शब्दही १९४०च्या सुमारास त्यांच्यातच निघाला. 'झीन' हे त्याचंच पुढे झालेलं लघुरूप.

त्यानंतर नोव्हेंबर १९६७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एकवीस वर्षांच्या यान वेनरने राल्फ ग्लीसन या बुजुर्ग जॅझ समीक्षकाच्या साथीने 'रोलिंग स्टोन' काढलं. साडेसात हजार डॉलर उसने घेऊन. मांडणी वर्तमानपत्रासारखी नीटनेटकी. ही मुलं जे ऐकतात ती बातमी आहे, हे त्या मांडणीतूनच सांगितलं गेलं.

आणि आपलं मिशिगन? इथे तर खाणच निघाली. १९६९ साली डेट्रॉइटच्या कॅस कॉरिडॉर भागात बॅरी क्रेमरने 'क्रीम' सुरू केलं. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाच्या मासिकांना जी ऐट होती तिची टर उडवणारं. फोटोंखालच्या ओळीसुद्धा इतक्या खोडकर, की लोक आधी त्याच वाचत. पुढे त्याचं कार्यालय बर्मिंगहॅमला होतं. म्हणजे ट्रॉयला राहणारी आपली मंडळी किराणा आणायला निघाली की ज्या गावावरून जातात, तिथे.

त्याहून जवळची गोष्ट लान्सिंगची. १९७९ साली टेस्को व्ही हे नाव घेतलेला एक प्राथमिक शाळेचा शिक्षक आणि त्याचा मित्र डेव्ह स्टिमसन यांनी 'टच अँड गो' नावाचं झीन काढलं. १९८३पर्यंत बावीस अंक. त्या नावाची रेकॉर्ड कंपनी त्यातूनच उभी राहिली आणि पुढे शिकागोला जाऊन नावारूपाला आली. ते बावीस अंक २०१० साली एका जाडजूड पुस्तकात एकत्र छापले गेले.

वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियाची गोष्टही अशीच. १९८० साली ब्रूस पॅव्हिट नावाच्या विद्यार्थ्याने तिथे 'सबटेरेनियन पॉप' हे झीन काढलं. छोट्या गावांतले, कुणी दखल न घेतलेले बँड हा त्याचा विषय. काही अंक कागदाचे, तर काही चक्क कॅसेटचे. नाव आखडून 'सब पॉप' झालं, मग त्याची रेकॉर्ड कंपनी झाली आणि १९८९ साली निर्वाणा या बँडचा पहिला अल्बम तिनेच काढला. या पॅव्हिटचा शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्ट गावापासूनचा मित्र म्हणजे किम थाइल, 'साउंडगार्डन' बँडचा गिटारवादक. किमचे आईवडील केरळातून आलेले. हे ऐकून नात म्हणाली, "म्हणजे मोजलं तर दोन झाले असते." तिच्या आईचं अकरावं पान तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

आणि त्या पानासारखं लिहिणारी तिची आई एकटी नव्हती. १९९१च्या सुमारास ऑलिंपिया आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये 'रायट गर्ल' नावाची चळवळ उभी राहिली. बँडमधल्या आणि बँड ऐकणाऱ्या मुलींनी झेरॉक्सवर स्वतःची झीन काढली, त्यांत स्वतःबद्दल लिहिलं आणि ती पोस्टाने एकमेकींना पाठवली. ती झीन आज न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात आम्लमुक्त खोक्यांत जपून ठेवली आहेत, संशोधक ती पाहायला येतात. प्राध्यापक म्हणून मला अभिलेखागारांविषयी फार आदर. बाप म्हणून मी काय केलं, ते वर सांगितलंच आहे.

आपल्याकडचं

खरं तर मला हे सगळं परकं वाटायचं काही कारण नव्हतं. साठच्या दशकाच्या शेवटी मी मुंबईत इंजिनिअरिंगला होतो, तेव्हा आमच्या हॉस्टेलवर लघुनियतकालिकं हातोहात फिरायची. अशोक शहाण्यांचं 'असो', भालचंद्र नेमाड्यांचं 'वाचा', राजा ढाल्यांचं 'येरू'. त्यांच्याही आधी, पन्नाशीच्या दशकात, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेलं नियतकालिक काढलं होतं. प्रस्थापित मासिकं छापणार नाहीत ते आपणच छापायचं, हा सगळ्यांचा बाणा. कोलटकर तर व्यवसायाने जाहिरात क्षेत्रातले कला दिग्दर्शक. सत्तरच्या दशकात त्यांनी इंग्रजी गाणी लिहून ध्वनिमुद्रित करण्याचाही प्रयत्न केला होता. लघुनियतकालिक आणि गिटार यांच्यामध्ये मला वाटत होती तेवढी मोठी भिंत नव्हतीच.

अलाहाबादची गोष्ट तर याहून बोलकी. न्यूयॉर्कमध्ये एड सँडर्स नावाचा कवी १९६२पासून एक सायक्लोस्टाइल मासिक काढत असे. त्याचं नाव या अंकात छापण्याजोगं नाही. त्याच सँडर्सने पुढे 'द फग्ज' हा रॉक बँड काढला. त्याच्या मासिकाविषयी अलाहाबादच्या काही मुलांनी वाचलं, आणि १९६५ साली अठरा वर्षांच्या अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी मित्रांसोबत थोडं सौम्य नाव ठेवून 'डॅम यू' काढलं, तेही सायक्लोस्टाइलवर. त्याच अलाहाबादमधून १९९३ साली अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू केलं. मुंबईत रंगभवनला १९८६पासून 'इंडिपेंडन्स रॉक' होत होतं, पण गावोगावच्या बँडांना एकमेकांची खबर नव्हती. ती या मासिकाने दिली. पुढे 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सवही त्यातूनच उभा राहिला.

१९९३. मी मिशिगनमध्ये एक मासिक कचऱ्यात टाकत होतो, तेच हे वर्ष. आणि हॉस्टेलवर 'येरू' वाचून वडीलधाऱ्यांशी हुज्जत घालणारा तो मुलगा मीच होतो. वय झालं की माणूस आपली बाजू कधी बदलतो, ते त्याचं त्यालाही कळत नाही.

यंत्र आणि मांडणी

नातीच्या प्रश्नाकडे परत येतो. लेकीची सोळा पानं वाचली गेली आणि तिची चाळीस नाही, असं का?

माझं उत्तर असं. लेकीच्या अंकात वाचणाऱ्याला करणारीचे हात दिसत होते. कात्री कुठे तिरकी गेली, कुठे डिंक सांडला, कुठे जागा संपली म्हणून अक्षर बारीक झालं, सगळं दिसत होतं. वाचणाऱ्या मुलाच्या मनात पहिला विचार येतो, की हे तर मलाही जमेल. नातीचं मासिक पाहून असा विचार येत नाही. ते पाहून टाळी वाजवायची आणि पुढे जायचं. ओबडधोबडपणा म्हणजे निष्काळजीपणा, असं मी इतकी वर्षं समजत होतो. पण तिथे तो वाचकासाठी ओढून ठेवलेला पाट असतो.

यात यंत्राचाही वाटा आहे, आणि इथे माझा विषय उपयोगी पडला. चेस्टर कार्लसनने १९३८ साली न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिली झेरॉक्स प्रत काढली. १९५९ साली आलेलं झेरॉक्स ९१४ हे यंत्र मिनिटाला सात प्रती काढायचं. आत सेलेनियमचा थर दिलेला ढोल. त्यावर विद्युतभार द्यायचा. जिथे उजेड पडतो तिथला भार निघून जातो, जिथे काळं असतं तिथे राहतो, त्याला काळी भुकटी चिकटते आणि उष्णतेने कागदावर पक्की होते. जुन्या यंत्रांत भुकटी कडांना जास्त चिकटायची, मोठा काळा भाग मधेच फिका पडायचा आणि करड्या छटा तर मरूनच जायच्या. जुन्या झीनमधले फोटो असे नुसते काळे-पांढरे का दिसतात, त्याचं कारण हे. मुलांनी यंत्राची खोड ओळखली आणि तीच आपली शैली केली. सायक्लोस्टाइलचंही तसंच. मेणकागदावर टाइपरायटरचे ठसे उमटायचे, म्हणून मजकूर जास्त, चित्रं कमी, आणि ती रेषांचीच.

पण नुसतं विस्कटलं की झालं, असंही नव्हे. याचा धडा डेव्हिड कार्सन या माणसाकडून मिळतो. आधी शाळामास्तर आणि लाटांवर सर्फिंग करणारा, पुढे संकल्पनकार. १९९२ साली निघालेल्या 'रे गन' या संगीत मासिकाची पानं त्याने अशी रचली, की अक्षरं एकमेकांवर चढलेली, ओळी पानाबाहेर गेलेल्या. एकदा तर त्याला ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत कंटाळवाणी वाटली, म्हणून ती सगळी त्याने नुसत्या चिन्हांच्या टाइपमध्ये लावून टाकली. एक शब्द वाचता येईना. नात हसत सुटली. मी तिला म्हटलं, "हे एकदा गंमत म्हणून ठीक. पण ज्याने प्रश्नांची उत्तरं दिली आणि ज्याने अंकाचे पैसे दिले, त्या दोघांचं काय?" ती म्हणाली, "आबा, पण लोक ते पान अजून विसरले नाहीत." यावर आमचा वाद अजून चालू आहे.

जेवणाच्या टेबलावर

जुलैच्या शेवटी आम्ही नव्याने सुरुवात केली. टेबलावर कात्र्या, डिंक, लांब हाताचा स्टेपलर. आधी साध्या कागदांना घड्या घालून कच्चा अंक केला. पानांची संख्या चाराच्या पटीत लागते, हे तिला माहीत नव्हतं. पडद्यावर काम करणाऱ्याला पाठ आणि पोट असलेला कागद भेटतच नाही. लेटर आकाराचे चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानं. पहिल्या कागदावर पान एक आणि सोळा शेजारी, आणि मागच्या बाजूला दोन आणि पंधरा. ही जुळणी तिने हाताने केली तेव्हाच तिला कळलं, की आठवं आणि नववं पान हीच एक सलग जागा आहे. तिथे तिने आमच्या भागाचा नकाशा टाकला: अठरा वर्षांखालच्यांना कुठे वाजवता येतं, कुठे ऐकायला जाता येतं, गाडी कुठे लावायची.

मग अक्षराचा आकार. तिला सात पॉइंट हवा होता, मला बारा. ती म्हणाली, "माझे वाचक शहात्तर वर्षांचे नाहीत." मी विचारलं, "ते हे वाचणार कुठे?" हॉलमध्ये, दोन बँडांच्या मधल्या वेळात, जवळजवळ अंधारात. मग तिनेच दहा ठरवला. फोटो काळे-पांढरे, छटा उडवलेले. शाई एकच. मुखपृष्ठ पिवळ्या कागदावर, म्हणजे खर्च न वाढता रंग.

एक पान मराठीत. एका मावळ्याने लिहिलेलं: आजीला गिटारचा आवाज ऐकवायचा म्हणून त्याने तिची आवडती आरती कशी बसवली त्याबद्दल. संगणकावर लावलं तर इंग्रजीइतक्याच अंतरावर ओळी ठेवल्याने वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना टेकायला लागल्या. देवनागरीला वर-खाली मोकळी जागा लागते. अंतर वाढवलं तर मजकूर पानात मावेना. शेवटी त्याने ते हाताने लिहिलं. अक्षर कुत्र्याच्या पायाचं, मांजराच्या पायाचं. पण अंकातलं सगळ्यात जिवंत पान तेच झालं.

जाहिरातींचा प्रश्न आला. मी उत्साहाने म्हणालो, की मंडळाचे दोन प्रायोजक आहेत, घरं विकणारे; शब्द टाकतो. नातीने शांतपणे नको म्हटलं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातून १९८२ साली निघालेलं 'मॅक्सिमम रॉकनरोल' मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या जाहिराती घेतच नसे, हे तिने वाचलं होतं. तिने एकच जाहिरात घेतली, गिटार दुरुस्त करणाऱ्या दुकानाची. कारण वाचकांच्या गिटारी खरंच मोडतात.

हिशोब मांडला. चार कागद, दोन्ही बाजू, म्हणजे आठ छपाया. दुकानात एकीला दहा सेंट धरले तर ऐंशी सेंट. वर पिवळा कागद आणि पिना. किंमत दोन डॉलर, किंवा तुमचं स्वतःचं झीन असेल तर अदलाबदल. शंभर प्रती.

शेवटी मी माझं आवडतं काम मागून घेतलं: मुद्रितशोधन. लाल पेनाने त्रेचाळीस चुका काढल्या. तिने त्या वाचल्या आणि अकरा दुरुस्त केल्या. "बाकीच्या?" मी विचारलं. "बाकीच्या चुका नाहीत, आबा. आम्ही असंच बोलतो." मला ते सोपं गेलं नाही. पण १९९३ साली एका प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं, म्हणून या वेळी पेनाला टोपण लावलं.

शेवटचं पान तिने कोरं ठेवलं. विचारलं नाही, की आईची नक्कल केली तर चालेल का. तिला ते विचारण्याची गरज वाटली नाही.

ऑगस्टमध्ये एका चर्चच्या तळघरात त्यांचा कार्यक्रम झाला. कानात कापसाचे बोळे घालून मी दाराशी टेबलावर बसलो आणि प्रती विकल्या. संगीताबद्दल माझं मत मी राखून ठेवतो. पण मध्यंतरात बाहेर आलो, तर दोन मुलं पायऱ्यांवर दिव्याखाली बसली होती. एक वाचत होता आणि दुसरा त्याच्या खांद्यावरून. फोन दोघांच्याही हातात नव्हते. आतापर्यंत सात कोरी पानं भरून परत आली आहेत.

पान अकरा

गणपतीला लेक आली. आरती झाली, जेवणं झाली. मग मी तिला तिचा जुना अंक दिला. तिने तो उलटून पाहिला, आईकडे पाहिलं, काही बोलली नाही.

मी म्हणालो, "अकरावं पान मी वाचलं. तेव्हाच वाचायला हवं होतं. माझं चुकलं."

बराच वेळ ती पानं चाळत होती. मग म्हणाली, "बाबा, शुद्धलेखनाच्या चुका काढल्यात का?"

"नाही."

"बापरे," ती म्हणाली आणि हसली. डोळे मात्र पुसले. तेवढं पुरे होतं.

आता मंडळाच्या अंकाविषयी दोन शब्द. दरवर्षी आपण 'युवा विभाग' करतो. निबंधस्पर्धेतले तीन निबंध, आपण दिलेले विषय, आपण तपासलेलं इंग्रजी, सगळ्यात शेवटी, जाहिरातींच्या आधी. मग म्हणतो, की मुलं अंक वाचत नाहीत. त्यांना वाचावंसं वाटेल असं काय डिझाइन करावं, यावर संपादक मंडळाच्या बैठकींत मीही पुष्कळ बोललो आहे. आज वाटतं, आपण तो प्रश्नच चुकीचा विचारत होतो. मुलांसाठी मासिक डिझाइन करता येत नाही. पानं त्यांच्या हाती देता येतात, आणि मग गप्प बसता येतं. दुसरं जास्त अवघड.

संपादकांना मी विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. या अंकाची शेवटची चार पानं मुलांनी केली आहेत. भाषा त्यांची, मांडणी त्यांची, चुकाही त्यांच्याच. मी ती तपासलेली नाहीत. त्यातलं शेवटचं पान कोरं आहे. ते कापून तुमच्या घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या माणसाला द्या. आणि भरून तुमच्या हातात परत आलं, तर इतर काहीही म्हणण्याआधी ते वाचा.

शुभ दीपावली.